आधी दाणा, मग बाण: नवाश्मयुगातल्या शेतीबद्दल लिहिताना या चुका टाळा

परीक्षांचा आणि प्रदर्शनांचा हंगाम आला की माझ्याकडे नकाशे यायला लागतात. कॉलेजची मुलं, इतिहास शिकवणारे शिक्षक, दिवाळी अंकासाठी लेख लिहिणारे हौशी अभ्यासक. सगळ्यांची विनंती एकच, ‘ताई, एकदा नजर टाका.’ नकाशाही बहुतेक वेळा एकच असतो. इराक-सीरियाच्या जागी ठळक ठिपका. तिथून एक जाड बाण युरोपात, दुसरा इराणमार्गे बलुचिस्तानात आणि पुढे थेट दख्खनच्या पठारावर. खाली ओळ, ‘इ.स.पू. १०००० मध्ये शेतीचा शोध लागला आणि ती जगभर पसरली.’

या एका ओळीत चार चुका आहेत. साल चुकलं, ‘शोध’ हा शब्द चुकला, एकच उगमस्थान धरलं ते चुकलं, आणि ‘ती’ म्हणजे शेती ही एकच सलग वस्तू आहे असं मानलं ते सर्वांत जास्त चुकलं. मी पंचवीसेक वर्षं उत्खननातल्या मातीतून जळक्या बिया वेचण्याचं काम करते. एक-एक दाणा भिंगाखाली पाहिलेला असल्यामुळे तो जाड बाण दिसला की माझा जीव कळवळतो. त्या बाणाखाली किती खऱ्या गोष्टी गाडल्या जातात हे मला माहीत आहे. म्हणून या चुका एकदा लिहूनच टाकते.

सालांची सरमिसळ

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि नुकसानही सगळ्यात जास्त करते.

पुरातत्त्वाच्या पुस्तकांत काळ तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. ‘इ.स.पू.’ आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ‘बी.पी.’ म्हणजे आजपासून मागे मोजलेली वर्षं, पण यातलं ‘आज’ म्हणजे १९५० साल, तुम्ही पुस्तक उघडलंत ते साल नाही. त्यातही बी.पी. दोन प्रकारचं. एक प्रयोगशाळेतून निघालेला कच्चा आकडा. दुसरा झाडांच्या वर्षवलयांशी ताडून दुरुस्त केलेला, म्हणजे कॅलिब्रेट केलेला. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण हजारो वर्षं एकसारखं राहिलेलं नाही, त्यामुळे कच्चा आकडा म्हणजे खरी वर्षं नव्हेत. आणि चौथी तऱ्हा म्हणजे मासिकांतलं मोघम ‘इतक्या हजार वर्षांपूर्वी’.

कच्चं ६००० बी.पी. घ्या. बहुतेक जण त्यातून १९५० वजा करतात आणि इ.स.पू. ४०५० लिहून मोकळे होतात. दुरुस्त केल्यावर हाच आकडा इ.स.पू. ४९०० च्या आसपास जातो. साडेआठशे वर्षांची तफावत, आणि तीही एका साध्या वजाबाकीत.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मुलांनी सोळा फुटांचा फ्लेक्स तयार केला होता. विषय, युरोपात शेती कशी पोचली. चार मुलांनी कामं वाटून घेतलेली. एकाने जर्मनीतल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची माहिती घेतली, ज्यांच्या मडक्यांवर कोरीव रेषांच्या पट्ट्या असतात ते लोक. त्याने घेतलं १९७० च्या आसपासचं पुस्तक, आकडा कच्चा, ६४०० बी.पी. एका मुलीने ब्रिटनची माहिती नव्या पुस्तकातून घेतली, तिथे दुरुस्त केलेलं साल होतं, इ.स.पू. ४०००. पट्टी आखणाऱ्याने पहिल्यातून १९५० वजा केले आणि इ.स.पू. ४४५० वर खूण केली. दोन खुणांमध्ये साडेचारशे वर्षं उरली. मग कोणीतरी मोठ्या अक्षरांत मथळा लिहिला, ‘जर्मनीतून ब्रिटन, अवघ्या साडेचारशे वर्षांत!’

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मी हातात पेन्सिल घेऊन तो फ्लेक्स वाचत होते. त्या खुणेपाशी थांबले. कच्चं ६४०० बी.पी. म्हणजे दुरुस्त करून इ.स.पू. ५३५० च्या आसपास. म्हणजे खरं अंतर जवळजवळ साडेतेराशे वर्षांचं. पोरांनी चुकून नऊशे वर्षं पुसून टाकली होती.

आणि ती नऊशे वर्षं म्हणजे त्या गोष्टीचा गाभा आहे. रेषांच्या मडक्यांचे हे लोक इ.स.पू. ५५०० च्या सुमारास हंगेरीच्या बाजूने निघाले आणि दोन-तीनशे वर्षांत ऱ्हाईन नदीपर्यंत पोचले. नदीकाठच्या लोएस मातीत, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या सुपीक मातीत, लाकडी लांबघरं बांधत, भराभर. मग बाल्टिक किनाऱ्याच्या अलीकडे शेती थांबली. हजार वर्षांहून जास्त काळ थांबली. पलीकडे डेन्मार्कमध्ये मासेमारी आणि शिकार करणारे एर्टेबोल संस्कृतीचे लोक होते. त्यांचं शेतकऱ्यांशी येणं-जाणं होतं. त्यांच्याकडून दगडी कुऱ्हाडी घेत होते, इ.स.पू. ४७०० च्या सुमारास मडकीही करू लागले, पण शेती मात्र त्यांनी इ.स.पू. ४००० च्या सुमारापर्यंत उचलली नाही. समुद्र त्यांना पोटभर देत होता. ‘शेती दिसली की माणूस ती करणारच’ या समजुतीला इतकं स्पष्ट उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळतं, आणि फ्लेक्सवर नेमकं तेच नाहीसं झालं होतं.

अमरमन आणि कावाली-स्फोर्झा या संशोधकांनी १९७१ मध्ये युरोपातल्या शेतीच्या प्रसाराचा वेग काढला तो सरासरी वर्षाला एक किलोमीटरच्या आसपास. त्या हिशेबाने नऊशे वर्षांची चूक म्हणजे नऊशे किलोमीटरची चूक. मुंबई ते नागपूरपेक्षा जास्त.

रात्री आम्ही पांढरे कागद कापून चुकीच्या खुणांवर चिकटवले आणि मथळा काळ्या मार्करने दुरुस्त केला. ज्या मुलाने जर्मनीचा आकडा आणला होता त्याला फार वाईट वाटलं. त्याचं इंग्रजी उत्तम, वाचन चांगलं, मेहनतीची तयारी. फक्त त्याने एका रात्रीत काम पुरं करायचा घाट घातला होता आणि पुस्तकाच्या शेवटी असलेल्या कोष्टकातून आकडे उतरवून घेतले होते. कोष्टकाच्या वर बारीक अक्षरांत ‘हे आकडे कच्चे आहेत’ असं छापलेलं होतं. तेवढी ओळ वाचायची राहिली.

माझी सवय सांगते. वहीत प्रत्येक सालासाठी पाच रकाने. आकडा जसा छापलाय तसा, अधिक-उणे चिन्हासकट. तो कच्चा की दुरुस्त. कशावरून मोजला: कोळसा, बी, हाड की दात. कोणत्या थरातून. आणि पुस्तक किंवा लेख कोणत्या वर्षी छापला. शेवटचा रकाना मुलं गाळतात आणि तोच जास्त उपयोगी पडतो. १९८० च्या आधीचं पुस्तक असेल आणि काही सांगितलेलं नसेल तर मी आकडा कच्चाच धरते. दुरुस्ती करायला ऑक्सकॅल नावाची प्रणाली इंटरनेटवर फुकट आहे. दहा मिनिटांत शिकता येते, त्यामुळे अवघड आहे ही सबब मी ऐकत नाही. हे सगळं मी पेन्सिलनेच लिहिते, कारण साल बदलतं.

जाता जाता एक. कोळशावरून मिळालेलं साल हे लाकडाचं वय सांगतं, चुलीचं नव्हे. दोनशे वर्षं जुन्या झाडाचा गाभा जळला असेल तर तुमचं गाव फुकटात दोनशे वर्षांनी म्हातारं होतं. बी एका हंगामाचं असतं. शक्य तिथे बियांवरून मोजलेलं साल घ्या. आता एका दाण्यावरूनही ते मोजता येतं.

एक दाणा सापडला की धावत सुटणं

ही माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. उत्तर कर्नाटकात आमचा हिवाळी मुक्काम होता. हा राखेच्या टेकड्यांचा मुलूख. नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी गोठ्यांतलं शेण वर्षानुवर्षं साठवलं, पेटवलं, आणि त्याच्या टेकड्या झाल्या. महबूबनगर भागातल्या उतनूरला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये अशीच टेकडी खणली, तेव्हा गुरांच्या खुरांचे ठसेही मिळाले होते. पुढे बुदिहाळला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या यांनी गोठा आणि वस्ती दोन्ही उलगडून दाखवली.

माझं काम पाण्याच्या पिंपाशी असतं. मोजून घेतलेली माती घमेल्यातून हळूहळू पाण्यात सोडायची, हाताने अलगद ढवळायची. माती तळाशी बसते, जळकं वर तरंगतं. ते बारीक जाळीवर धरायचं, कापडात बांधायचं, लेबल लावून सावलीत वाळवायचं. उन्हात टाकलं की दाणे तडकतात. दिवसभरात कंबर मोडते आणि हाती येतं ते चमचाभर काळं भुस्कट.

त्या वर्षी एक नवा मुलगा होता, हाताला चपळ, उत्साही. दुपारी त्याने सगळ्यात खालच्या थराच्या सॅम्पलमधून गव्हाचा दाणा काढला. मी जेवायला गेले होते. परत येईपर्यंत त्याने फोटो काढून गटावर टाकला होता, ‘दक्षिण भारतातला सर्वांत जुना गहू!’ संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे गेला. रात्री एका बातमीदाराचा फोन आला.

मी दाणा चिमट्यात धरून भिंगाखाली घेतला. फिकट तांबूस, पोट भरलेलं, वरचं साल तुकतुकीत. नखाने दाबला तर आत पांढरं पीठ. तो जळलेलाच नव्हता. आपल्या मातीत दर पावसाळ्यात ओल जाते, दर उन्हाळ्यात ती सुकते. अशा मातीत न जळलेलं बी चार हजार वर्षं टिकत नाही, कुजतं किंवा किडे खातात. जळून कोळसा झालेलं तेवढंच उरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्याची भिंत खरवडली तर वरून खाली तिरकं गेलेलं उंदराचं बीळ, दोन बोटं रुंद, सैल आणि गडद मातीने भरलेलं. वरच्या शेतात आदल्या साली गहू होता.

मुलगा दिवसभर कोणाशी बोलला नाही. मला खरं दुःख वेगळ्याच गोष्टीचं झालं. त्याच कापडात कुळथाच्या जळक्या डाळिंब्या होत्या, मूग होता, बाजरीच्या दाण्याहून बारीक असं भरडधान्य होतं, अगदी टम्म जळलेलं. त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नव्हतं. दक्षिणेच्या पहिल्या शेतकऱ्यांचं ताट हेच आहे. कुळीथ, मूग, कन्नडमध्ये कोरले म्हणतात ते धान्य आणि त्याच्या जोडीचं आणखी एक बारीक तृणधान्य. चारही इथलीच, इथल्या रानात रानटी रूपात उगवणारी. गहू आणि जव तिथे आले ते इ.स.पू. २००० च्या आसपास आणि त्यानंतर, तेही थोडे. ज्याला गहू म्हणजेच शेती वाटते त्याला हातातला कुळीथ दिसत नाही.

म्हणून माझे नियम. सॅम्पल घेण्याआधी भिंत खरवडून बीळ, मुंग्यांची वारुळं, मुळं पाहायची. तसं काही दिसलं तर तिथली माती घ्यायचीच नाही. दाणा जळका आहे की नाही हे आधी, तो कशाचा आहे हे नंतर. आणि खालच्या थरातून काही अनपेक्षित निघालं तर निदान तीन दिवस कोणाला सांगायचं नाही. या शेवटच्या नियमावर तरुण मुलं नाराज होतात. होऊ देत. चार हजार वर्षं थांबलेला दाणा तीन दिवस सहज थांबतो.

शेतीचं गाठोडं

आता त्या नकाशातल्या ‘ती’कडे येऊ. लोकांच्या मनात असं चित्र असतं की पश्चिम आशियात कोणीतरी एक गाठोडं बांधलं. त्यात गहू, जव, मसूर, शेळी-मेंढी, गाय, मडकं, घासून गुळगुळीत केलेली कुऱ्हाड आणि मातीचं घर. मग ते गाठोडं डोक्यावर घेऊन माणसं चालत सुटली आणि जिथे पोचली तिथे सोडलं.

गाठोड्यातली एकेक वस्तू बाहेर काढून पाहा. मडकं? पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोच्या लोकांनी इ.स.पू. ८००० च्या सुमारास साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज उभा केला, तेव्हा त्यांच्याकडे भाजलेली मडकी नव्हती. उलट चीनमधल्या शियानरेनडोंग गुहेत मडक्यांचे तुकडे वीस हजार वर्षं जुने आहेत आणि तिथे शेतीचा पत्ता नाही. गाय? अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, चातालह्योयूकला लोक शेती करत होते, शेळ्या-मेंढ्या पाळत होते, एकमेकांना लागून बांधलेल्या घरांत छतावरून उतरत होते. आणि तरीही सुरुवातीच्या थरांतले बैल रानटी आहेत. पाळीव गाय तिथे इ.स.पू. ६५०० च्या सुमारास येते.

मला सगळ्यात आवडतं ते सायप्रसचं उदाहरण. इ.स.पू. ८५०० च्या आसपास माणसांनी होड्यांतून या बेटावर जनावरं नेली, शेळ्या आणि गाईसुद्धा. एवढा समुद्र ओलांडून नेलेली गाय तिथे पुढे टिकली नाही. ती बेटावरून नाहीशी झाली आणि थेट कांस्ययुगात परत आली. शेती चालू राहिली, गाय गेली. त्याच बेटावर शिलुरोकाम्बोस इथे साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दफनाशेजारी, हातभरही अंतर नाही, एक मांजर पुरलेलं आहे. सायप्रसवर रानटी मांजरं मुळात नव्हतीच, म्हणजे तेही कोणीतरी होडीतून नेलं. गाठोड्याच्या कुठल्याही यादीत मांजर सापडत नाही.

आपल्या बाजूला बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जारीज यांच्या पथकाने १९७४ पासून ते खणलं. तिथल्या खालच्या थरांत धान्य बहुतांश जव. जव आणि गहू यांचं मूळ पश्चिमेकडे. पण वशिंडाचा बैल? तो इथेच, सिंधूच्या परिसरात माणसाळला, पश्चिम आशियातल्या गुरांहून स्वतंत्रपणे. एकाच गावात, एकाच अंगणात, पीक बाहेरचं आणि जनावर घरचं. आता सांगा, बाण कुठून कुठे काढणार?

आणि महाराष्ट्राच्या वाचकाला हे ताटातच पाहता येतं. ज्वारी पूर्व सुदानच्या बाजूची, बाजरी पश्चिम आफ्रिकेच्या साहेलमधली, तिथे मालीत इ.स.पू. २५०० च्या सुमारास ती पिकत होती. दोन्ही इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात भारतात आल्या. गहू पश्चिम आशियाचा, कुळीथ इथला. आपली भाकरी आणि शेजारचं पिठलं-हुलगं वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या शतकांत एका ताटात आलेले आहेत.

यावर माझा उपाय साधा आहे. बाण काढूच नका. चौकटीच्या कागदावर उभ्या रांगेत वस्तू लिहा: गहू, जव, डाळी, शेळी, गाय, मडकं, घर, पुरण्याची रीत. आडव्या रांगेत ठिकाणं. प्रत्येक चौकटीत साल, नसेल तर रिकामी ठेवा. कागद भरत आला की दिसतं की चौकटी एका रेषेत येत नाहीत. ‘शेती आली’ हे वाक्य मग लिहवतच नाही. ‘जव आला, बैल इथलाच होता’ असं लिहावं लागतं. कागदाला तासभर जास्त लागतो. ज्यांना तासभर नको असतो त्यांचे नकाशे मी आता तपासत नाही.

‘शोध लागला’ म्हणू नका

रानटी गहू पिकला की लोंबी आपोआप सुटते आणि दाणे जमिनीवर विखुरतात. ते गवताच्या सोयीचं असतं. पाळीव गव्हाची लोंबी पिकली तरी धरून राहते, मळल्याशिवाय दाणा सुटत नाही. भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं. दाणा लोंबीला जिथे चिकटलेला असतो तो सांधा रानटी रूपात गुळगुळीत सुटलेला असतो, पाळीव रूपात फाटून तुटलेला. एवढ्याशा खुणेवरून शेतीचा इतिहास वाचला जातो.

माणसं विळ्याने कापू लागली की धरून राहणाऱ्या लोंब्याच जास्त घरी येतात, त्याच पुन्हा पेरल्या जातात. हा बदल वीस ते दोनशे वर्षांत होऊ शकेल असा हिशेब हिलमन यांनी १९९० मध्ये शेतातल्या प्रयोगांवरून मांडला होता. प्रत्यक्ष उत्खननातल्या बिया मोजल्यावर दिसलं की त्याला हजार-दोन हजार वर्षं लागली. चीनमध्ये यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात तियानलुओशान इथे साधारण ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वीच्या काळात न गळणाऱ्या साळीचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ वर गेलं. तीनशे वर्षांत बारा टक्के. दहा-बारा पिढ्यांनी पेरलं, कापलं, सडलं, आणि त्यांच्यातल्या कोणालाही आपण काही बदलतोय हे जाणवलं नसेल. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ मध्ये ‘नवाश्मयुगीन क्रांती’ हे नाव दिलं, परिणामाच्या आकाराने ते शोभतं. पण क्रांती म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे एक दिवस आणि एक माणूस उभा राहतो. मी ‘माणसाळणं’ हा शब्द वापरते. जनावराला लागू पडतो तसा धान्यालाही.

बाकीच्या, थोडक्यात

तुर्कस्तानातलं गोबेक्लितेपे ‘शेतकऱ्यांचं पहिलं मंदिर’ नाही. इ.स.पू. ९५०० च्या सुमारास ते दगडी खांब ज्यांनी उभे केले त्यांच्याकडे पाळीव धान्य नव्हतं, हरणं मारत होते, रानटी धान्य दळत होते.

इनामगाव नवाश्मयुगीन नाही. जोर्वे, दायमाबाद, इनामगाव ही ताम्रपाषाणयुगीन, तांबं आलेलं आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात जव पिकत होता आणि लहान मुलांना मडक्यांत घालून घरातल्या जमिनीखाली पुरत होते. पण ते इ.स.पू. १६०० ते ७००. प्रश्नपत्रिकेतही ही चूक मी पाहिली आहे.

गुळगुळीत दगडी कुऱ्हाड शेतात सापडली म्हणून तिथे नवाश्मयुग होतं असं नाही. अशा कुऱ्हाडी पुढेही वापरात राहिल्या. थर नाही तर साल नाही.

‘गाय पाळली म्हणजे दूध प्यायले.’ मडक्यांत दुधाची स्निग्धता सापडते, वायव्य अनातोलियात इ.स.पू. सातव्या सहस्रकापासून. पण मोठेपणी कच्चं दूध पचवण्याची जनुकीय ताकद युरोपच्या पहिल्या शेतकऱ्यांत जवळपास नव्हती. दही, चीज करून खात असणार.

शेतकरी म्हणजे शांत, शिकारी म्हणजे हिंसक, असंही लिहू नका. जर्मनीत तालहाइम इथे रेषांच्या मडक्यांच्या लोकांची ३४ माणसं, मुलांसकट, एका खड्ड्यात टाकलेली सापडली. मारणारे शेतकरीच होते. घाव त्यांच्याच दगडी हत्यारांचे आहेत.

माणसं आली की फक्त बी आलं?

याचं एकच उत्तर सगळीकडे चिकटवणं ही गेल्या दहा वर्षांतली नवी चूक. युरोपच्या बाबतीत प्राचीन डीएनएने स्पष्ट सांगितलं आहे की माणसं आली. पहिल्या शेतकऱ्यांचं मूळ मुख्यतः अनातोलियात जातं. हे वाचून लोक तेच भारताला लावतात. पण २०१६ मध्ये इराणच्या झाग्रोस पर्वतातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचा डीएनए वाचला तेव्हा ते अनातोलियाच्या शेतकऱ्यांपेक्षा अगदी वेगळे निघाले. म्हणजे पश्चिम आशियातच शेती करणारे लोक एक नव्हते. मग २०१९ मध्ये हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणच्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा डीएनए प्रसिद्ध झाला. ते उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाचं. तिच्यातला इराणशी नातं सांगणारा वंश शेती सुरू होण्याआधीच तिकडच्या लोकांपासून वेगळा झालेला होता. अनातोलियाच्या शेतकऱ्यांचा अंश तिच्यात नाही.

हे एका स्त्रीबद्दल आहे, हे लक्षात ठेवूनच वापरा. आणि डीएनएवरून भाषा, धर्म, ‘आम्ही’ आणि ‘ते’ काढायला जाऊ नका. हाडातून वंश कळतो. ती स्त्री कोणती भाषा बोलत होती हे हाडात लिहिलेलं नसतं. ज्या लेखात मला ही उडी दिसते तो मी तिथेच बंद करते.

दोन पुस्तकांत दोन सालं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो विचारणारा विद्यार्थी मला आवडतो. कारण त्याने निदान दोन पुस्तकं उघडली. मेहरगढचंच घ्या. पाठ्यपुस्तकांत इ.स.पू. ७००० छापलेलं असतं, आणि आपण सगळे तेच शिकलो. तिथल्या खालच्या थरांची कोळशावरची सालं एकमेकांशी जुळत नव्हती, हे जाणकारांना आधीपासून खुपत होतं. २०२५ मध्ये तिथल्या दफनांतल्या माणसांच्या दातांच्या इनॅमलवरून नव्याने मोजणी प्रसिद्ध झाली आणि सुरुवात आली इ.स.पू. ५२०० ते ४९०० च्या दरम्यान. जवळजवळ दोन हजार वर्षांनी अलीकडे. हे मान्य झालं तर इराण आणि सिंधूमधले सगळे बाण नव्याने काढावे लागतील. ज्यांनी ७००० हा आकडा शाईने लिहिला ते आता घाईघाईने खोडतायत, आणि काही जण तेवढ्याच घाईने ५२०० शाईने लिहितायत.

माझ्या भिंतीवरच्या तक्त्यात मेहरगढसमोर सध्या दोन ओळी आहेत. एकीत लिहिलंय ‘७०००, कोळसा, जुनी मोजणी’, दुसरीत ‘५२००–४९००, दातांचं इनॅमल, २०२५’. दोन्ही पेन्सिलने. खालच्या थरातल्या जवाच्या दाण्यावरून कोणी साल मोजलं तर त्यासाठी तिसरी ओळ मोकळी ठेवली आहे.